खरखरीचा ताळेबंद

महाग वस्तूवर टीका करायची तर ती दुसऱ्याने विकत घेतलेली असावी लागते. स्वतःच्या पैशाची वस्तू चांगलीच असते. नसली तरी घरात तसे बोलायची सोय नसते. या हिशेबाने उंची हेडफोनांवर लिहायला मी पूर्ण लायक आहे. माझ्याकडे एकही नाही. पण आमच्या शाखेतले एक हेडकॅशियर निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीतून एक परदेशी हेडफोन घेऊन बसले. टीका करण्यापुरते मी त्यांच्याकडे चहा पिता पिता ऐकून आलो आहे.

या वस्तूंची परीक्षणे मी मन लावून वाचली. खर्ज मखमली, मध्य सप्तक उबदार, तार सप्तक हवेशीर! शालू, रजई आणि पूर्वाभिमुख ब्लॉक एकाच जाहिरातीत विकायला काढल्यासारखे वाटते. पण खोक्याच्या पाठीवर बारीक टायपात दोन आकडे असतात, तिकडे कोणी फिरकत नाही. मी पडलो कॉमर्सचा. आकडा दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. पहिला आकडा इम्पीडन्सचा, ओहममध्ये. हेडफोन विजेला किती अडवतो ते तो सांगतो. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा, एक मिलिवॉट दिला तर किती डेसिबल आवाज निघेल, त्याचा. म्हणजे एक ठेवीदाराचा स्वभाव, दुसरा व्याजाचा दर.

आता हे दर पाहा. हायफायमॅनचा एचई-६ हा हेडफोन मिलिवॉटला ८३.५ डेसिबल देतो. कॅम्पफायर ऑडिओचा अँड्रोमेडा हा कानात घालायचा प्रकार तेवढ्यातच ११२.८ देतो. फरक २९.३ डेसिबलचा. वाचायला किरकोळ वाटतो, पण डेसिबल चक्रवाढीच्या चालीने चालतात. दोघांकडून सारखाच आवाज हवा असेल तर पहिल्याला दुसऱ्याच्या सुमारे ८५० पट शक्ती लागते! एकाचा खुराक हत्तीचा, दुसऱ्याचा चिमणीचा. हत्तीला पोसणाऱ्या दांडग्या ॲम्प्लिफायरची स्वतःची एक बारीक सूं-सूं असते. हत्तीला ती ऐकूही येत नाही. चिमणीला ते वादळ वाटते. उलट चिमणीचे मापटे हत्तीपुढे ठेवले तर नॉब शेवटपर्यंत पिळावा लागतो आणि आवाज फाटतो. दोष दोघांचाही नाही. स्थळ चुकले.

नुसते घराणे बघूनही भागत नाही. बायरडायनॅमिकने डीटी ८८० हे एकच मॉडेल ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत काढले. एकाच आईची तीन मुले. एक पटकन हसणारा, तिसऱ्याला हसवायला सर्कस आणावी लागते. आडनाव ऐकून सोयरीक ठरवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

ॲम्प्लिफायरलाही स्वतःचा इम्पीडन्स असतो. हा म्हणजे खिडकीवर रक्कम देताना आपला वाटा आधी काढून ठेवणारा इसम. १९९६ सालच्या एका आंतरराष्ट्रीय मानकात तो चक्क १२० ओहम धरला होता. अशा ॲम्प्लिफायरला ३२ ओहमचा हेडफोन जोडला तर विजेच्या दाबाचा जेमतेम पाचवा हिस्सा हेडफोनच्या पदरात पडतो. बरे, पुष्कळ हेडफोनांचा इम्पीडन्स खर्जात एक, तारेत एक. मग वाटणीही सुरागणिक बदलते. खर्ज फुगतो, तबल्याचा डग्गा अंगावर येतो, आणि परीक्षक लिहितो, खर्ज मखमली आहे! जाणकारांचा नियम साधा आहे. ॲम्प्लिफायरचा आकडा हेडफोनच्या आकड्याच्या आठव्या हिश्शाहून जास्त नसावा.

हेडकॅशियरसाहेबांचे दुखणे मात्र निराळे होते. गाणे सुरू होण्याआधीच हेडफोनात एक घूं ऐकू येई. दुकानदाराने आणखी मोठा ॲम्प्लिफायर सुचवला, म्हणजे उरलेली ग्रॅच्युइटी. चिरंजीवांनी कानाचे डॉक्टर सुचवले. साहेबांनी स्वतःच निकाल दिला, "कान गेले रे आपले. ऐकणं संपलं." बंडलात एक नोट कमी असली तर नुसत्या फरफरीवरून ओळखणारा हा माणूस, पण दोन महिने हेडफोन कपाटात ठेवून संध्याकाळी नुसता खिडकीत बसू लागला. कानावरचा विश्वास उडाला की गाण्याआधी माणूस बसतो.

वास्तविक तफावत काढायची रीत मला त्यांनीच शिकवलेली. कॅश जुळेना की म्हणत, "अरे, सगळं पुस्तक कशाला उलटतोस? तफावतीला नवाने भाग जातो का बघ." भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल असते. म्हणजे आधी चुकीची जात ओळखायची, मग वही उघडायची. मी म्हटले, "साहेब, घूंचंही व्हाउचर कुठे तरी असणारच. काढा तो कपाटातून."

हेडफोन डोक्यावर ठेवूनच त्याची पिन उपटली. तरीही घूं राहता तर डॉक्टर; थांबला तर यंत्र. थांबला. साहेब तिथेच निम्मे बरे झाले. मग पिन लावून, गाणे न लावता नॉब शून्यावर नेला. तिथे आवाज उरला असता तर तो ॲम्प्लिफायरचा घरचा. नॉब फिरवताना कुरकुरला असता तर नॉबमधल्या धुळीचा. हा नॉबबरोबर वाढत-घटत होता, म्हणजे मागून येत होता. आता जात. सूं असेल तर तो सर्किटमधला. घूं असेल तर वीज मंडळाकडे पाहावे. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि घूं ५०चा किंवा दुपटीचा, १००चा असतो. मी लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग काढला. शांत! लॅपटॉप एका भिंतीवर, ॲम्प्लिफायर समोरच्या; दोघांचे अर्थिंग आणि मधली वायर मिळून एक रिंगण झाले होते, आणि त्यात वीज प्रदक्षिणा घालत होती. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणले, चार्जर लावला, तरी घूं आला नाही. खर्च, एक एक्स्टेन्शन बोर्ड. कोपऱ्यावरच्या वायरमनने मात्र अर्थिंगची पिनच कापायला सांगितली होती. त्याने घूं जातो हे खरे. एखादे दिवशी ऐकणाराही जातो.

साहेबांनी अब्दुल करीम खाँसाहेब लावले, तो काय, पुन्हा खरखर! पण ही तबकडीची. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्या वेळच्या तबकड्या लाखेच्या, त्यात दगडाची भुकटी मिसळलेली. सुई घासत जायची. चांगला हेडफोन ही खरखर झाकत नाही, उलट स्वच्छ ऐकवतो. ही तफावत नव्हे साहेब, हा ओपनिंग बॅलन्स. तो पुढे ओढायचा असतो.

तेव्हा टीकाकार या नात्याने माझे मत असे की हेडफोन निर्दोष आहे आणि कानही. कुठलीही वस्तू कानाला खटकली की वस्तूला किंवा स्वतःच्या वयाला नावे ठेवण्याआधी एकेक वायर काढून पाहावी. आणि परीक्षकांनी एखादी रजई कमी करून तेवढ्या जागेत ॲम्प्लिफायरचा इम्पीडन्स छापावा.