घरघर कुणाची?

धारच्या आमच्या वन्संनी दिवाळीत सुटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेयर घेतला आणि मामंजींच्या संग्रहातली कुमार गंधर्वांची एलपी त्यावर लावली. दुसऱ्या दिवशी फोन. "वहिनी, नाव एवढं मोठं, पण आवाज केवढा चिरका! आणि मधे मधे दम तुटतो. आजारपणामुळेच असणार. रद्दीवाला आलाय, सगळ्याच देऊन टाकू का?"

मी म्हटलं, थांबा, मी धारला येते.

आजारपण खरंच होतं. १९४८ साली कुमारजी क्षयाने आजारी होऊन आमच्या देवासला आले, काही वर्षं त्यांचं गाणं बंद राहिलं, आणि एक फुप्फुस कायमचं अधू झालं. तेव्हापासून त्यांच्या तुटक जागांचं कारण त्या फुप्फुसात शोधायची लोकांना सवय लागली आहे. मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही. विलंबितात ते एक तुकडा ठेवतात आणि बाजूला होतात. आवर्तन भरून काढायची घाई नसते. त्या मोकळ्या जागेत तंबोरे बोलतात, आणि तंबोरे लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणजे ती जागा रिकामी नाहीच. (सगळंच पटतं असंही नाही. कधी तुकडा इतका झटकन तोडतात की राग हाती लागायच्या आधीच निसटतो.)

वन्संच्या प्लेयरवर त्या जागेत तंबोरा नव्हताच, घरघर होती. मोटर तबकडीला जवळजवळ चिकटलेली आणि स्पीकर त्याच खोक्यात, त्यामुळे स्पीकरची थरथर परत सुईत शिरत होती. मी तबकडीच्या कडेला कागदाची चिठी ठेवली आणि फेरे मोजले. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे शंभर फेऱ्यांना बरोबर तीन मिनिटं लागायला हवीत. लागली दोन मिनिटं बावन्न सेकंद. वेग सहा टक्के वाढला की काळी एकचा सूर पांढरी दोनला जातो. इथे साडेचारच्या वर होता. चिरका आवाज तिथून आला, आणि विसावेही तेवढेच आखूड झाले.

म्हणून ख्याल ऐकायचा असेल तर टर्नटेबल घेताना किती मोठ्याने वाजतं ते पाहूच नये, गप्प किती राहतं ते पाहावं. तबकडीखालचं ताट जड हवं, स्पीकर वेगळे हवेत, सुईच्या दांड्याला मागे फिरवता येणारं वजन हवं. माझं टर्नटेबल रबरी पट्ट्यावर चालतं. पट्ट्यामुळे मोटरचा थरथराट ताटापर्यंत फारसा पोचत नाही. थेट मोटरवर चालणारी चांगली यंत्रंही शांत असतात आणि वेगाला पक्की असतात, पण खिशाला जड.

घरी आणल्यावर आधी पाणसळ ठेवून टेबल सपाट करावं. मग वजन मागेपुढे करून दांडा अधांतरी तरंगता ठेवावा आणि तिथून सुई बनवणाऱ्याने सांगितलेले ग्रॅम द्यावेत, बहुधा दोनच्या आसपास. आपल्या बायकांचा हात इथे हमखास हलका पडतो, रेकॉर्ड झिजेल म्हणून. पण फार हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते. ते जड सुईइतकंच वाईट.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सुईचा कोन जुळवण्यात घालवावा. कारण असं, की फेरे तेवढेच असले तरी बाहेरच्या खोबणीत सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटीमीटर रेघ सरकते, लेबलजवळ वीस-एकवीसच. तेवढ्याशा जागेत तेवढाच आवाज कोंबलेला असतो. आणि ख्यालात लेबलजवळ काय येतं? द्रुत! ताना नेमक्या सगळ्यात अडचणीच्या जागी. कोन चुकला की त्या फाटतात, आणि आपण म्हणतो गवयाचा आवाज फाटला.

वन्संची दुसरी शंका धर्माची होती. "तबकड्या लाखेच्या ना? लाख म्हणजे किड्यांची हिंसा." एलपी लाखेची नसते, विनाइलची असते. पण आजेसासूबाईंच्या ७८च्या तबकड्यांत लाख आहे, हे खरं. धारपासून जवळच नालछ्याला राहून तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृत' लिहिलं. श्रावकाने टाळायच्या धंद्यांची चर्चा करताना त्यात लाखेचा व्यापारही येतो. तो व्यापार मी करणार नाही, नव्याने लाखेचं काही घेणारही नाही. पण घरात आहेत त्या फोडून एकही जीव परत येत नाही. त्यांना एलपीची सुई लावू नये एवढं मात्र पाळते. ७८ची खोबण रुंद असते, सुईही जाड लागते.

एलपी मी देवासला आणली आणि पुढच्या महिन्यात वन्संना बोलावलं. दोन्ही बाजू त्यांनी न बोलता ऐकल्या. मग म्हणाल्या, "आवाज मला अजूनही फारसा आवडत नाही. पण तंबोरा पुन्हा लाव."

जाताना माझा सुई तोलायचा छोटा काटा मागून नेला. त्यांच्या प्लेयरला फिरवायचं वजनच नाही, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. रेकॉर्डी सध्या माझ्याकडेच आहेत.