पेंढा भरलेल्या वाघाचे मोल

हिंगोली ही निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी. ती 1903 मध्ये मोडली, पण शिकारीचा शौक मागे उरला. आमच्या भागातल्या काही जुन्या वाड्यांत मुंडकी, शिंगे, कातडी अजून दिसतात. मी या वस्तूंच्या नोंदी करतो हे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'आज याचे किती येतील?' कातडे पकडल्याच्या बातम्यांतही 'आंतरराष्ट्रीय बाजारात कोट्यवधी' हे शब्द हमखास असतात. या आकड्यावरच माझा आक्षेप आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. आपण 'पेंढा भरलेला' म्हणतो, पण चांगल्या कामात पेंढा नसतोच. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन कारखान्यात कागदाच्या लगद्याच्या साच्यावर कातडे चढवत. 1900 ते 1999 या काळात तिथे वाघ-बिबट्यांचे 40,000हून अधिक नग तयार झाले, असे संशोधक पॅट मॉरिस सांगतात. म्हणजे दुर्मीळ झाला तो वाघ. त्याचे मुंडके कधीच दुर्मीळ नव्हते.

मग किंमत कशाने बदलते? एक कारण आवड. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन काळात दिवाणखान्याची शोभा असलेले हे प्राणी विसाव्या शतकाच्या मध्यात अडगळीत गेले आणि पुढे संग्राहकांमुळे पुन्हा लिलावात आले. वॉल्टर पॉटर यांचा प्रसिद्ध संग्रह 2003 मध्ये बोनहॅम्सने सुटा सुटा विकला. नगांना भाव आला, संग्रह मात्र संपला.

दुसरे आणि मोठे कारण कायदा. युरोपीय नियमांत 3 मार्च 1947 पूर्वी घडवलेली वस्तू 'पुरातन' म्हणून सवलत मिळवते. आपल्याकडे 1972 या एकाच वर्षी दोन कायदे झाले. पुरावस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांच्या वस्तूला मान दिला. वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र वयाला कसलीच सूट दिली नाही. मालकाने नोंद करून प्रमाणपत्र घ्यायचे होते. राहून गेलेल्यांना 2003 मध्ये 180 दिवसांची आणखी एक संधी मिळाली. आता प्रमाणपत्र असले तरी विक्री नाही. वस्तू वारसाकडेच जाऊ शकते. तेव्हा एकाच जंगलात मारलेल्या दोन वाघांपैकी साहेबाबरोबर गेलेला तिकडे 'अँटिक' ठरतो आणि इथे राहिलेला विकायला काढला तर गुन्हा ठरतो. तिकडचा भाव इथल्या भिंतीला लावणे ही हिशेबाचीच चूक आहे. शिवाय असा आकडा छापला की चोरट्या शिकाऱ्याला गिऱ्हाईक असल्याची खात्री पटते.

कोणी म्हणेल, विकता येत नाही म्हणून लोक जपत नाहीत. यात तथ्य आहे. मी कसर लागलेली, नाक तडकलेली, माळ्यावर टाकलेली मुंडकी पाहिली आहेत. पण उपाय बाजार नव्हे. बाजार मुंडके जपतो ते दर्शनी बाजूने. मला हवी असते ती मागची चिठ्ठी : कोणते गाव, कोणते वर्ष.

त्या चिठ्ठीचे मोल मुंबईने ओळखले होते. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पोरवयाचे सलीम अली एक अनोळखी चिमणी घेऊन गेले. तिथे पेंढा भरलेले पक्षी ओळीने, नोंदींसह ठेवलेले त्यांनी पाहिले आणि एका आयुष्याला वळण मिळाले. त्यातला एखादा पक्षी लिलावात किती रुपयांना जाईल, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे.

आमच्यासाठी ही बाब आजचीही आहे. 2019 मध्ये टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ हिंगोली जिल्ह्यातून पुढे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. 'इथे वाघ कुठून आला?' असे लोक चकित होऊन विचारत होते. तो वाट चुकला होता की जुन्या मुलखातून चालला होता, याचा अंदाज घ्यायला जुन्या शिकारींची गावे आणि वर्षे लागतात. ती कदाचित आपल्याच माळ्यावर आहेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रमाणपत्र शोधा, वन विभागाकडची नोंद वारसाच्या नावावर आहे का पाहा, चिठ्ठीचा फोटो काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना गाव विचारून लिहून ठेवा. उघड्या हाताने कातडे झाडू नका; जुन्या कामात सोमल वापरत. आणि किंमत विचारणाऱ्याला सांगा, हा नग विकाऊ नाही. त्याच्या मागे लिहिलेले वाचायचे असेल तर या.