रुग्णशय्येजवळचा दुभाष्या

समीक्षा पुस्तकांचीच व्हावी असा नियम नाही. संकटकाळी रुग्णाच्या कानी पडलेल्या शब्दांचीही चिकित्सा व्हावी, असे आम्हांस वाटते.

२०२० साली कोविडची साथ आली आणि शासकीय मराठीने दोन शब्द रूढ केले: रुग्णाला वेगळे ठेवणे ते ‘विलगीकरण’ आणि रुग्णाच्या संपर्कात आलेल्याला वेगळे ठेवणे ते ‘अलगीकरण’. एका अक्षरावर उभा असलेला हा भेद सामान्यांनी कसा सांभाळावा? ‘बाधित’ म्हणताच जुन्या माणसांना भूतबाधा आठवावी, यात त्यांचा काय दोष? ‘सामाजिक अंतर’ हा शब्द तर जातिभेदाने पोळलेल्या समाजात अधिकच बोचरा. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा पर्याय पुढे केला होता. आपल्याकडे जुनाच शब्द चालू राहिला.

शब्द असे दुर्बोध, आणि ऐकणारे नाना भाषांचे. ठाणे-कल्याण परिसरात आगरी, ईस्ट इंडियन मराठी, सिंधी, तेलुगू, उर्दू, भोजपुरी या साऱ्या बोली नांदतात. एरवी दवाखान्यात मुलगा किंवा सून दुभाष्याचे काम करी. कोविड कक्षाच्या दाराशी तेच नातलग थांबविले गेले. डोंबिवलीचे सावळाराम क्रीडासंकुल असो वा ठाण्यात बाळकुमला उभारलेले सुमारे १००० खाटांचे रुग्णालय, आत रुग्ण एकटा आणि समोर मुखपट्टीआडचा, ओठही न दिसणारा माणूस. मग परिचारिकेने, कधी सफाई कामगाराने, कधी शेजारच्या खाटेवरील रुग्णाने शब्द पोहोचवायचा. दारोदारी हेच काम आशा सेविकांनी केले. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत बोटाला यंत्र लावून दिसणारा आकडा घरच्यांना उमजेल अशा भाषेत सांगणे, हेही भाषांतरच होते.

हे काम दिसते तितके सोपे नाही. डॉक्टर म्हणतात, “प्रकृती गंभीर आहे,” आणि मायेपोटी सांगणारा म्हणतो, “बरे वाटेल, बाबा.” हे मायेचे असत्य आम्हांस समजते, परंतु आपल्या देहाविषयीचा निर्णय रुग्णाच्या हातून त्यामुळे निसटतो. दुभाष्याने पदरचे घालू नये आणि ऐकलेले गाळूही नये. शिकविल्यावाचून ही शिस्त अंगी येत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले, तरी १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ त्यांनी श्रोत्यांच्या ओळखीच्या मराठीत आणि ओवीत रचले. ऐकणाऱ्याला न उमजलेला शब्द कितीही शुद्ध असला तरी वायाच जातो, हे त्यांनी ओळखले होते. चार शतकांनंतर आपल्या पारिभाषिक मराठीला हा धडा पुन्हा गिरवावा लागावा, ही खेदाची गोष्ट आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक घरांतील मुली परिचारिका आहेत. त्या दिवसांत रुग्णाला कोणता शब्द कळला आणि कोणता कळला नाही, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या साथीचा शब्दकोश तेथूनच सुरू व्हावा.