ठिपक्यांतली सुंदरी

आमचा एक भाचा बावीस वर्षांचा आहे. त्याला सध्या एका गोष्टीची फार हुरहूर लागून राहिली आहे, आणि गंमत अशी की ती गोष्ट त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीच संपून गेली होती. १९८४-८५ सालचे घरगुती संगणक आणि त्यांवर चित्रे काढण्याचे पहिलेवहिले प्रोग्रॅम हे त्याचे वेड. जुन्या मॅकिंटॉशवरचे प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवून पाहता येतील अशी सोय 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेने २०१७ साली केली. तिचा लाभ घेऊन त्याने मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत 'मॅकपेंट' दाखवले. "मामा, बघ ना, किती साधे होते सगळे! किती निरागस!" असे म्हणताना त्याचे डोळे अगदी पाणावायचेच काय ते बाकी होते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. यंत्रातले मला फारसे कळत नाही. परंतु चित्राला कोणी साधे आणि निरागस म्हटले की माझ्यातला मास्तर जागा होतो. म्हणून त्या प्रोग्रॅमबरोबर जे चित्र जगभर मिरवले गेले, ते मी नीट न्याहाळून पाहिले.

एक जपानी स्त्री केस विंचरीत आहे, एवढाच त्याचा विषय. हाशिगुची गोयो या चित्रकाराने १९२० साली लाकडी ठशांवरून छापलेल्या एका चित्रावरून सुझन केअर यांनी ते संगणकावर उतरवले. गोयोचे मूळ चित्र रंगीत आहे, आणि त्यातले केस हा तर कारागिरीचा चमत्कारच आहे. लाकडात कोरून काढलेल्या त्या बारीक रेषा पाण्यासारख्या खाली ओघळतात. आता केअरबाईंच्या हाती काय होते ते पाहा. पडदा नऊ इंची, त्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके. ठिपका एक तर काळा नाही तर पांढरा. करडा रंग हवा असेल, तर काळे-पांढरे ठिपके एकाआड एक पेरून डोळ्याला फसवायचे. वळणदार रेषा तर अशा ठिकाणी जवळजवळ अशक्यच, कारण प्रत्येक वळण म्हणजे जिन्याच्या पायऱ्या!

आणि तरीही ते केस ओघळतात. हे कसे घडते? माझ्या मते, या बाईंनी गोयोची नक्कल करण्याचा हट्ट धरला नाही. लाकडाला जे साधते ते ठिपक्याला साधणार नाही हे ओळखून त्यांनी केसांच्या काळ्या राशीत पांढऱ्या फटी ठेवल्या. नेमक्या कोठे ठेवायच्या, हीच सारी कला. एखादी फट एका ठिपक्याने इकडची तिकडे झाली असती तर केसांचा झाडू झाला असता. आपल्या घरांतून ज्या मावशा-आत्या दुसुतीवर टाके मोजून मोर भरीत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मोराची मान गोल दिसते, पण टाका तर चौकोनीच असतो! केअर यांनी स्वतःही या कामाची तुलना भरतकामाशी आणि रंगीत तुकडे बसवून केलेल्या कामाशी केलेली आहे. मॅकिंटॉशची छोटी चिन्हे त्यांनी प्रथम चौकटीच्या कागदावर आखली होती, एकेक चिन्ह ३२ चौकटी रुंद आणि ३२ चौकटी उंच.

तेव्हा 'साधे' हा शब्द येथे चुकतो. पाहणाऱ्याला ते साधे वाटते. करणारीला ते मुळीच साधे नव्हते.

मॅकपेंट लिहिणारे बिल ॲटकिन्सन २०२५ च्या जूनमध्ये वारले. त्यांच्या प्रोग्रॅममधली जी युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते, तिचे कौतुक फारसे होत नाही. पिंप ओतून रंग भरणे, फवारा मारणे, दोराच्या फासाने चित्राचा तुकडा उचलून दुसरीकडे नेणे, या गोष्टींचे सर्वांना अप्रूप. पण चित्राचा एक भाग मोठा करून त्यातला ठिपका न् ठिपका हाताने बदलता येईल अशीही सोय त्यांनी केली होती. म्हणजे यंत्राने आपले पोट उघडून दाखवले, की बाबा, मी एवढ्याचाच बनलो आहे, याच्यापलीकडे माझ्याजवळ काही नाही. दुसरी गोष्ट अशी की चूक झाली तर एकच पाऊल मागे जाता येई. त्यानंतर झाले ते झाले. आज शेकडो पावले मागे जाता येते. ही सोय वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु एकच पाऊल मागे जाता येणाऱ्या माणसाचा हात आणि वाटेल तितके मागे जाता येणाऱ्याचा हात, यांत फरक पडणारच.

याचा अर्थ तेव्हाचे सारेच सुंदर होते असा नव्हे. त्या काळातली बहुतेक चित्रे सामान्य आहेत. तयार नमुने ओतून भरलेल्या जागा पाहिल्या की लग्नपत्रिकेच्या कडांची आठवण होते. १९८५ साली अमिगा नावाचा संगणक निघाला, त्यात ४०९६ रंगांतून ३२ निवडून वापरता येत. त्याच साली डॅन सिल्व्हा यांचे 'डिलक्स पेंट' आले. एव्हरिल हॅरिसन यांचा तुतनखामेनचा सोनेरी मुखवटा हे त्याचे गाजलेले चित्र. मोजक्या पिवळ्या-तपकिरी छटांतून सोन्याची झळाळी आणण्याचे कसब त्यात निःसंशय आहे, परंतु मला तो सराफाच्या दुकानातल्या आरशासारखा वाटतो. दिपवतो आणि थांबतो. त्याहून मला रंग फिरवण्याची युक्ती आवडली. ठिपका स्वतः रंग धरून बसत नाही, तो फक्त रंगाच्या पेटीतल्या कप्प्याचा क्रमांक सांगतो. कप्प्यांतले रंग क्रमाने सरकवले की चित्रातला एकही ठिपका न हलता धबधबा वाहू लागतो!

शिवाय ही चित्रे काचेच्या फुगीर पडद्यावर पाहण्यासाठी होती. तेथे एका ठिपक्याचा उजेड शेजारच्या ठिपक्यात थोडा सांडे. भाचा ज्या करकरीत चौकोनांवर भाळला आहे, ते त्या काळच्या रंगीत पडद्यावर तसे दिसतच नसत. आठवण ही अशी लबाड असते. आणि ती दुसऱ्याची असली म्हणजे तर विचारूच नका.

याच अमिगाच्या उद्घाटनाला, २३ जुलै १९८५ रोजी, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अँडी वॉरहॉलने गायिका डेबी हॅरी हिचे चित्र सर्वांसमक्ष संगणकावर रंगवले. त्याने घरीही काही चित्रे काढली होती. दोन वर्षांनी तो वारला आणि त्या फ्लॉप्या तशाच पडून राहिल्या. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक-मंडळाच्या मुलांनी खटपट करून त्या वाचल्या, आणि २०१४ साली ती चित्रे जगापुढे आली. त्यांत बोत्तिचेल्लीची व्हीनस आहे, आणि तिच्या कपाळावर तिचाच एक डोळा उचलून चिकटवलेला आहे. आपल्याला शंकर आठवेल. त्याला बहुधा नवीन खेळणे मिळाल्याचा आनंद एवढाच झाला असावा. चित्र म्हणून ते किरकोळच आहे. परंतु एवढा मोठा कलावंत येथे पहिलीतल्या मुलासारखा अडखळतो आहे, हे पाहायला मिळणे किरकोळ नाही.

हे वाचल्यापासून मला चैन नाही. त्याचे कारण सांगतो.

अमिगा, मॅकिंटॉश हे आमच्या गावात कोणी पाहिलेसुद्धा नव्हते. २००२ साली मी ज्या शाळेत होतो तेथे एक संगणक आला. त्यावर मखमली खोळ असे आणि खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. त्यात 'पेंट' होते. आठवीतली एक मुलगी शनिवारच्या तासाला चित्र मोठे करून एकेक चौकोन भरीत बसे. चार शनिवार ती एक विहीर काढीत होती. मी तिला म्हणालो, "हे चित्र नव्हे, हा खेळ आहे. कागदावर काढून दाखव." ती म्हणाली, "सर, कागदावरच्या पांढऱ्याला उजेड नसतो हो." मी तिला गप्प बसवले. तिला पाण्यावरची तिरीप हवी होती, आणि त्यासाठी कोणता चौकोन रिकामा सोडायचा हे तिला कळले होते. केअरबाईंच्या फटींपुढे बसेपर्यंत मला ते कळले नाही. वीस वर्षे शिकवले, आणि हे असे!

गेल्या महिन्यात त्या शाळेत जाऊन आलो. संगणक केव्हाच भंगारात गेला होता. अडगळीच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, फ्लॉप्यांचा एक डबा तेवढा सापडला. मुख्याध्यापकांनी तो हसत हसत मला देऊन टाकला. भाचा दिवाळीला येताना फ्लॉपी वाचण्याचे यंत्र घेऊन येणार आहे. पण इतक्या वर्षांच्या धुळीने आणि दमट हवेने काय शिल्लक ठेवले असेल, याची तोही खात्री देत नाही. डब्यात सात फ्लॉप्या आहेत. सहांवर परीक्षांच्या याद्या. सातवीच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : 'आठवी – किरकोळ.'