'दूरदर्शी' मुंगी : एका जुन्या निबंधाविषयी

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा भारतीय मुंग्यांवरील निबंध १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेने छापला. आज तो वाचताना वाटते की निरीक्षण म्हणून हा निबंध उत्तम आहे, वर्गीकरण म्हणून कच्चा.

जून १८२९ मधील नोंद पाहा. पावसाळा नुकताच सुरू होऊन ऊन पडले होते. पुण्यात सकाळी फिरताना परेडच्या मैदानाजवळ, पडीक जमिनीवर, साइक्सना गवताच्या बियांचे वीसहून अधिक ढीग दिसले. प्रत्येक ढीग मूठभर. शेकडो मुंग्या भिजलेले बी बिळातून वर आणून वाळत घालत होत्या. ऑक्टोबरात, परतीच्या वादळी पावसानंतर, पुन्हा तेच दृश्य! उत्तर युरोपातील मुंग्या धान्य साठवत नाहीत, म्हणून तिकडचे अनेक विद्वान मुंग्यांच्या कोठाराला दंतकथा समजत. त्यांना हे स्थळकाळासह उत्तर होते.

साइक्सनी ही मुंगी 'अट्टा' प्रजातीत घातली. ते नाव आज अमेरिकेतील पाने कापणाऱ्या मुंग्यांचे आहे. १८३९ मध्ये वेस्टवुड यांनी पुण्याच्या या एकाच जातीवर 'फायडोली' ही नवी प्रजाती उभारली. तिच्या कामकरी मुंग्या दोन प्रकारच्या असतात, काही लहान, काही अवाढव्य डोक्याच्या. फायडोलीत आज हजाराहून अधिक जाती आहेत; विल्सन यांच्या २००३ च्या ग्रंथात एकट्या अमेरिका खंडांतल्या ६२४ आहेत.

ही जाती कुठवर पसरली आहे, हे मात्र निबंधावरून कळत नाही. बिंगहॅम यांच्या १९०३ च्या ग्रंथातही पुण्याचे नाव वारंवार येते, कारण वनाधिकारी रॉटन येथे मुंग्या जमवत होते. अशा वेळी शंका येते, नोंदी मुंग्यांच्या वस्तीच्या की संग्राहकांच्या बंगल्यांच्या?

माझा मुख्य आक्षेप नावांवर आहे. 'प्रोव्हिडेन्स' म्हणजे दूरदर्शी. निबंधातील दुसरी मुंगी 'इंडेफेसा', म्हणजे न थकणारी. पाण्यात पाय ठेवलेल्या मेजावरची मिठाई गाठण्यासाठी ती भिंतीवर चढून वरून खाली पडे. हकीकत मजेदार आहे, पण नावे सद्गुणांची झाली. ओले बी उन्हात आणायला उद्याचा विचार लागत नाही. ओलाव्याला दिलेला उपजत प्रतिसाद पुरतो. ज्या वसाहतींत तो होता त्यांचे बी पावसाळ्यात कुजले नाही, आणि त्या टिकल्या. वर्गात 'कष्टाळू मुंगी' सांगताना आपणही साइक्सचीच री ओढतो.

नावाचा अर्थ पटत नाही म्हणून ते बदलता येत नाही, असा प्राणिशास्त्रीय नामकरणाचा नियम आहे. त्यामुळे नोंद कायम आहे : फायडोली प्रोव्हिडेन्स, मूळ स्थळ पुणे.