कळविणारा कोण?

गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असता आमच्या घरातल्या थोरांनी कॉलेजातल्या मुलांची नेहमीची चौकशी आरंभली : काय विषय घेतला? पुतण्या म्हणाला, ‘‘मराठी साहित्य.’’ भाचीने सांगितले, ‘‘लोकप्रशासन, आणि जोडीला कार्यालयीन कामकाजाचा कोर्स.’’ पुतण्याकडे सर्वांनी काळजीने पाहिले, भाचीकडे कौतुकाने. एक विषय हौसेचा आणि दुसरा पोटाचा, असा निवाडा चकली संपण्याआधीच झाला.

इतक्यात शेजारच्या काकू हातात एक सरकारी पाकीट घेऊन आल्या. यजमान गेल्यावर मिळावयाच्या निवृत्तिवेतनाचे ते पत्र होते. ‘‘मास्तर, एवढं समजावून सांगा,’’ म्हणाल्या. मी वाचले : ‘आपणांस कळविण्यात येते की, सादर केलेल्या प्रस्तावात त्रुटी आढळून आल्याने तो परत करण्यात येत आहे. पूर्तता करून फेरसादर करावा.’ त्रुटी कोणती, ते कुठेच नव्हते.

पुतण्या म्हणाला, ‘‘काका, भाषा किती रुक्ष!’’ भाची म्हणाली, ‘‘पण मामा, नमुना बिनचूक आहे. विषय, संदर्भ, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी.’’ काकूंनी दोघांचे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग मी आता करू काय?’’ त्याचे उत्तर दोघांच्याही अभ्यासक्रमात नव्हते.

माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. तेव्हा विद्यापीठांना शहाणपण सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण वाक्य तपासणे हा माझा रोजचा धंदा आहे. त्या पत्रातले वाक्य पाहा. कळविण्यात येते, कळवतो कोण? त्रुटी आढळून आली, आढळली कोणाला? सगळ्या क्रिया घडतात, पण त्या करणारा माणूस कुठेच नाही. आणि लिहिणारा नाहीसा झाला की वाचणाराही हळूहळू नाहीसा होतो.

राज्यकारभाराची मराठी पूर्वापार अशीच आहे, असे मात्र कोणी समजू नये. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. तेही कार्यालयीन परिपत्रकच. विषय काय, तर पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि गवत जपून वापरणे. पण त्यात एकामागून एक परिणाम डोळ्यांपुढे उभे राहतात. आताच उधळमाधळ केलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. जे तग धरून राहिले आहेत तेही गाव सोडतील आणि मोगल बरे म्हणतील. पुढे तर दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथवर लिहिणाऱ्याची नजर पोचते. हुकूम देणारा, तो पाळणारा आणि त्याची झळ ज्याला बसणार तो कुणबी, असे तिघेही त्या पत्रात हजर आहेत. म्हणून ते उत्तम प्रशासन आहे आणि म्हणूनच उत्तम गद्यही आहे.

मुलांना विचारले. पुतण्याला ते पत्र माहीत होते : शिवकालीन गद्याचा नमुना, फारसी शब्दांसाठी अभ्यासलेला. भाचीने त्याचे नावही ऐकले नव्हते. माझी तक्रार आहे ती इथे. साहित्याच्या वर्गात कारभार शिकवीत नाहीत आणि कारभाराच्या वर्गात माणूस शिकवीत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, सरकारी भाषा निर्विकार हवी. कारकुनाचा राग-लोभ तीत उतरू नये. मान्य. काकूंना गोड शब्द नको होते. हव्या असलेल्या कागदाचे नाव हवे होते. निःपक्षपाती असणे वेगळे आणि निनावी असणे वेगळे. 1964 चा राजभाषा अधिनियम झाला आणि मराठी कचेरीच्या टेबलावर हक्काने बसली, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु शब्द मराठी आले तरी वाक्याचा सांगाडा पुष्कळदा इंग्रजी अमदानीतलाच राहिला.

त्या संध्याकाळी दोघा मुलांना मी एकाच पाटावर बसवले. भाचीने नमुना सांभाळला, पुतण्याने वाक्ये सांभाळली. ‘कोणता कागद कमी आहे, तो कोठे मिळेल आणि किती तारखेपर्यंत द्यावयाचा, एवढे कळवावे,’ असा अर्ज तयार झाला. काकूंनी तो दोनदा ऐकला आणि सही केली. ‘‘हे मला समजलं,’’ म्हणाल्या. कॉलेजातल्या कुठल्याही परीक्षकाने याहून मोठे गुण दिले नसते.

महिन्याभराने उत्तर आले. हव्या असलेल्या दाखल्याचे नाव त्यात स्पष्ट होते आणि काकूंचे काम मार्गी लागले. सुरुवात मात्र तशीच होती : ‘आपणांस कळविण्यात येते की...’