‘धग’वर पुन्हा लिहायचं तर

अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयातल्या मराठीच्या चर्चासत्राची पत्रिका उघडा. ‘ग्रामीण जाणीव’, ‘स्त्रीचित्रण’, ‘शेतकऱ्याची व्यथा’, ‘वऱ्हाडी बोलीचे सौंदर्य’ हे विषय ठरलेलेच. वरचं कादंबरीचं नाव तेवढं बदलायचं: कधी उद्धव शेळक्यांची ‘धग’, कधी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, कधी नामदेव कांबळ्यांची ‘राघववेळ’. तिन्ही मोठ्या कादंबऱ्या. दोघींना तर साहित्य अकादमीचा पुरस्कार. पण ज्या विषयात तिन्ही सारख्याच बसतात, तो विषय तिघींपैकी एकीचाही नसतो.

अडचण लिहिणाऱ्याच्या बुद्धीची नाही. विषय आधी ठरतो आणि कादंबरी नंतर वाचली जाते, पुष्कळदा गाईडातून. बढतीच्या गुणांसाठी शोधनिबंध हवा असतो आणि तो छापायला पैसे घेणारी नियतकालिकंही असतात. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं आपल्या मान्यताप्राप्त यादीतून एका झटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, तरी पाट्या टाकणं थांबलं नाही. निबंधाचा साचाही पाठ असतो: सुरुवातीला सिमोन द बोव्हारचं नाव, मधली सगळी पानं कथानक, शेवटी ‘अशा प्रकारे’.

‘धग’ १९६० ची. साठहून अधिक वर्षं तिच्यावर लिहिलं जातंय आणि तिची नायिका कौतिक बहुतेक निबंधांत ‘सोशिक’च राहते. कादंबरी पुन्हा वाचली की मात्र हे विशेषण टिकत नाही. कामचुकार नवऱ्याच्या, महादेवाच्या संसारात घर चालवते ती कौतिक, आणि ती नुसती सोसत नाही, ठरवते. आता हाच निबंधाचा विषय करा: कौतिकचे निर्णय. कुठला तिनं आपणहून घेतला, कुठला दारिद्र्यानं तिच्या गळ्यात घातला, आणि तिचा हट्टच संसाराला नडला असं कुठे म्हणता येतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायची आपल्याकडे चोरी आहे. नायिकेवर ठपका ठेवल्यासारखं वाटतं ना! पण कौतिकला चुकायची मुभा दिली तरच ती माणूस म्हणून उभी राहते. नाहीतर ती नुसती दुःखाची मूर्ती होते.

बोलीचंही तसंच. ‘मले’, ‘तुले’, ‘डोया’ अशा शब्दांची यादी दिली की प्रकरण संपलं असं मानतात. ‘धग’मध्ये पात्रं वऱ्हाडी बोलतात आणि निवेदन प्रमाण मराठीत चालतं. ही सीमा सगळीकडे घट्ट आहे का? निवेदक कौतिकच्या मनात शिरतो तेव्हा त्याची मराठी कुणाची असते? एवढ्यासाठी चार-पाच पानं पेन्सिल घेऊन वाचली तरी निबंध उभा राहील. शेजारी वऱ्हाडी बोलीतलीच गो. नी. दांडेकरांची ‘पूर्णामायची लेकरं’ ठेवावी. दांडेकर परतवाड्यात जन्मले, पण त्यांचं आयुष्य गेलं भटकंतीत आणि नंतर तळेगाव दाभाड्यात. शेळके अमरावतीत राहून लिहीत होते. दोघांच्या कानावर पडलेली वऱ्हाडी एकच की वेगळी, हे अजून तपासण्याजोगं आहे.

‘बारोमास’वर तर शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांचं इतकं सावट आहे की तिला पुरावा म्हणूनच वाचतात. तिच्यातला एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही, बायको अलकाशी पटत नाही. शिक्षणानं त्याला शेतीतून उठवलं आणि दुसरीकडे कुठे बसवलंही नाही. चर्चासत्रात बसलेल्या पोरांची गोष्ट हीच आहे. या गोष्टीवर मात्र निबंध कमी. शिक्षणाचाच विषय निघाला तर रमेश इंगळे उत्रादकरांची ‘सर्व प्रश्न अनिवार्य’ परीक्षेतल्या कॉपीवर आहे. ती बी.ए.ला लावून तिच्यावर गाईड काढायला हवं, म्हणजे गंमत पूर्ण होईल.

असं वाचण्याचा आदर्श लांब शोधायला नको. समीक्षक कुसुमावती देशपांडे १९०४ साली अमरावतीतच जन्मल्या. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहिताना शंभर वर्षांची कादंबरी त्यांच्यासमोर होती, केवढा मोह असेल सगळ्यांना चार खान्यांत टाकायचा! पण त्या एकेका कादंबरीपाशी थांबतात, काय जमलं आणि काय फसलं ते सांगतात. हे ‘फसलं’ म्हणणं आज हरवलंय. आपल्या भागातल्या लेखकाबद्दल तर ‘अप्रतिम’च्या खाली कुणी उतरत नाही.

शेळक्यांनी पोटासाठी ढीगभर लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या. ‘धग’ लिहिणाऱ्याच हाताच्या त्या आहेत आणि वाचनालयांतून त्या झिजेपर्यंत वाचल्या गेल्या. समीक्षेनं त्यांना एका वाक्यात उरकलं. कौतिकला घडवणारा लेखक त्या कादंबऱ्यांतल्या बायकांना कसं बोलायला लावतो, कुणासाठी, किती घाईत, हा विषय एम.ए.च्या एखाद्या मुलीनं घ्यावा. मार्गदर्शक आधी नाही म्हणतील. तिनं दोन कादंबऱ्या त्यांच्या टेबलावर ठेवाव्यात आणि खुणा केलेली पानं उघडून दाखवावीत.